सक्तीचा दोष स्त्रीवर नाही: इस्लामी परंपरेतील करुणा आणि अमिरातीचा कायदा

जून २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मंत्रिमंडळाचा त्या वर्षीचा ४४ क्रमांकाचा ठराव प्रसिद्ध झाला. कोणत्या परिस्थितीत गर्भपात कायदेशीर ठरेल, हे त्यात नमूद आहे. तोपर्यंत मातेच्या जिवाला धोका किंवा गर्भातील गंभीर व्यंग अशा मोजक्या कारणांसाठीच ही परवानगी मिळत असे. नव्या ठरावाने आणखी दोन कारणे जोडली. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध किंवा तिच्या संमतीविना झालेल्या संबंधातून गर्भ राहिला असेल, किंवा गर्भाला कारण झालेला पुरुष तिचा पूर्वज अथवा विवाहास निषिद्ध असा निकटचा नातलग असेल, तर गर्भधारणेपासून १२० दिवसांच्या आत गर्भपात करता येईल.

आखाती देशांतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही बातमी बहुधा वैद्यकीय कायद्यातील एक दुरुस्ती एवढीच ठरली. प्रत्यक्षात तिच्यामागे चौदा शतकांची चर्चा उभी आहे. ज्या स्त्रीवर बळजबरी झाली तिचा दोष किती, तिच्या शब्दाला वजन किती, तिच्या पोटातील जिवाचे काय, आणि समाजाने तिला कोणत्या नजरेने पाहावे, या प्रश्नांवर इस्लामी धर्मशास्त्राने आरंभीच्या काळापासून विचार केला आहे. त्याचे मूळ उत्तर निःसंदिग्ध आणि करुणेचे आहे. मात्र ते उत्तर फिर्यादीच्या टेबलापर्यंत, इस्पितळापर्यंत आणि जन्मनोंदणीच्या कार्यालयापर्यंत पोहोचले की नाही, यावरच त्या करुणेची किंमत ठरते. अमिरातीच्या गेल्या दोन दशकांच्या कायद्यांतून हा प्रवास बराचसा तपासता येतो.

मूळ तत्त्व: इकराह

अरबी भाषेत सक्तीला ‘इकराह’ म्हणतात आणि धर्मशास्त्रात ही एक स्वतंत्र संकल्पना आहे. तिचा उगमच छळाच्या इतिहासात आहे. मक्केत इस्लामचे पहिले अनुयायी बहुतांशी दुर्बल घटकांतील होते. सुमय्या या दासी स्त्रीला श्रद्धा न सोडल्याबद्दल ठार मारण्यात आले. इस्लामी परंपरा तिला पहिली हुतात्मा मानते. तिचा मुलगा अम्मार याच्याकडून छळ करून धर्मनिंदेचे शब्द वदवून घेण्यात आले. तो रडत प्रेषित मुहंमदांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला, त्या क्षणी तुझे मन कोठे होते, एवढेच विचारले. मन श्रद्धेवर स्थिर होते, असे उत्तर मिळाल्यावर त्याला निर्दोष मानण्यात आले. कुराणाच्या सोळाव्या सुरेतील १०६ व्या आयतीचा संबंध भाष्यकार या प्रसंगाशी जोडतात. अंतःकरण श्रद्धेवर ठाम असताना ज्याच्यावर सक्ती झाली, त्याला त्या आयतीने दोषातून वगळले आहे. माणसाच्या शरीराकडून बळाने करवून घेतलेली गोष्ट त्याच्या आत्म्याच्या खात्यावर मांडली जात नाही, हा नियम येथून रूढ झाला.

लैंगिक अत्याचाराला हाच नियम थेट लावणारी आयत चोविसाव्या सुरेत, म्हणजे ‘अन-नूर’मध्ये आहे. मदिनेतील अब्दुल्लाह इब्न उबय्य हा प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या दासींना पैशासाठी वेश्याव्यवसाय करायला लावत असे आणि त्यांपैकी काहींनी त्याविरुद्ध तक्रार केली, अशी हकिकत हदीससंग्रहांत आहे. तेहतिसावी आयत मालकांना ही सक्ती करण्यास मनाई करते आणि ज्यांच्यावर ती झाली त्यांच्याबाबत ईश्वर क्षमाशील व दयाळू असल्याचे सांगते. त्या काळच्या समाजरचनेत दासीहून अधिक दुर्बल स्त्री नव्हती. करुणेचे हे वचन प्रथम तिच्या संदर्भात यावे, ही बाब अर्थपूर्ण आहे.

हदीसवाङ्मयात आणखी एक प्रसंग वाइल इब्न हुज्र यांच्या नावे नोंदलेला आहे. पहाटेच्या प्रार्थनेसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत बलात्कार झाला. तिने आरडाओरड केली. लोकांनी भलत्याच माणसाला पकडले आणि शेवटी खऱ्या अपराध्याने स्वतः पुढे येऊन कबुली दिली. प्रेषितांनी त्या स्त्रीला ईश्वराने तुला क्षमा केली आहे, असे सांगून जाऊ दिले. चार साक्षीदार आण, असे तिला कोणी विचारले नाही. तिच्या हातून चुकीच्या माणसाकडे बोट दाखवले गेले होते, तरी तिच्यावर खोट्या आरोपाचा ठपका आला नाही. भयभीत माणसाची स्मृती चुकू शकते हे मान्य करणारी ही वागणूक आजच्या तपासयंत्रणांनाही शिकवण्याजोगी आहे.

दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीतील एक कथाही धर्मशास्त्राचे ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतात. तहानेने व्याकूळ झालेल्या एका स्त्रीने मेंढपाळाकडे पाणी मागितले. शरीर दिल्याशिवाय पाणी देणार नाही, असे तो म्हणाला आणि जीव वाचवण्यासाठी ती कबूल झाली. प्रकरण उमर यांच्यासमोर आले. अली यांच्याशी सल्लामसलत केल्यावर ती अगतिक होती असा निर्वाळा देऊन तिला सोडून देण्यात आले. गळ्यावर सुरी ठेवणे हीच तेवढी सक्ती, असा अर्थ या निकालाने घेतला नाही. अन्न, पाणी, निवारा किंवा प्रवासाची कागदपत्रे यांच्या बदल्यात मिळवलेला होकार हा खरा होकार नसतो, हे युद्धग्रस्त छावण्यांतून आज नव्याने कळणारे सत्य त्यात आधीच ओळखलेले दिसते.

मालिकी परंपरेचे दोन प्रवाह

अमिरातीच्या संदर्भात सुन्नी पंथातील मालिकी विचारधारा विशेष महत्त्वाची आहे. अबू धाबी व दुबईची ती पारंपरिक विचारधारा. १९८५ च्या दिवाणी व्यवहार कायद्याने तर न्यायाधीशांना क्रमच घालून दिला होता. कायद्यात उत्तर नसेल तर प्रथम मालिक व अहमद इब्न हन्बल यांच्या विचारधारांकडे आणि नंतर शाफई व अबू हनीफा यांच्याकडे वळावे, असा तो क्रम होता.

इमाम मालिक इब्न अनस हे आठव्या शतकातील मदिनेचे विद्वान. ‘मुवत्ता’ या त्यांच्या संग्रहात बळजबरीवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यांच्या मते शिक्षा फक्त बळजबरी करणाऱ्याला, स्त्रीला कोणतीही नाही. शिवाय अपराध्याने तिला तिच्या दर्जाच्या स्त्रीला मिळेल इतक्या मेहेरएवढी रक्कम द्यावी. आजच्या परिभाषेत ही नुकसानभरपाई होय. एका गुलामाने एका दासीवर बळजबरी केली तेव्हा उमर यांनी त्याला फटके मारून हद्दपार केले आणि ती विवश होती म्हणून तिला हातही लावला नाही, हा प्रसंगही याच ग्रंथात येतो.

परंतु त्याच ग्रंथात दुसरा, कठोर प्रवाह आहे. अविवाहित स्त्रीला गर्भ राहिला आणि आपल्यावर जबरदस्ती झाली असे ती म्हणाली, तर केवळ तिच्या शब्दावर विसंबता येणार नाही. रक्तस्राव, मदतीसाठी मारलेली हाक, अशी काहीतरी खूण तिने दाखवावी, अशी अपेक्षा तेथे आहे. इतर सुन्नी विचारधारांनी केवळ गर्भ हा व्यभिचाराचा पुरावा मानला नाही. मालिकी विचारधारेने खूण नसल्यास तो मानला. अपराध्याला शिक्षा व स्त्रीला भरपाई देणारी करुणा आणि गर्भवतीवरच पुराव्याचे ओझे टाकणारी शंका, असे दोन्ही प्रवाह एकाच ग्रंथातून निघाले. पुढच्या काळातील अनेक देशांच्या कायद्यांचा पेच समजून घ्यायचा तर हा दुहेरीपणा ध्यानात घ्यावा लागतो.

यातून बाहेर पडण्याची एक वाट मालिकी परंपरेनेच दाखवली. बाराव्या शतकातील सेव्हिलचे न्यायाधीश अबू बक्र इब्न अल-अरबी यांच्यासमोर वाटमारी करणाऱ्यांनी एका स्त्रीला पळवून नेल्याचे प्रकरण आले. काही मुफ्तींचे म्हणणे पडले की, वाटमारीचा अपराध मालमत्तेपुरता असतो, स्त्रीच्या देहाला तो लागू होत नाही. इब्न अल-अरबींनी त्यांना फटकारले. आपला पैसा लुटला गेला तरी चालेल पण बायको-मुलगी पळवली जाऊ नये, असेच कोणताही माणूस म्हणेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अशा अपराधाला त्यांनी ‘हिराबा’, म्हणजे समाजाविरुद्ध दहशतीचा गुन्हा मानले. या वर्गीकरणाचा परिणाम दूरगामी आहे. बलात्काराकडे व्यभिचाराचा एक प्रकार म्हणून पाहिले, तर चार साक्षीदारांची अट आणि स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी मागोमाग येते. दहशतीचा गुन्हा मानले, तर चौकशी अपराध्याची होते.

चार साक्षीदारांची अट मुळात स्त्रीच्या रक्षणासाठीच होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. स्त्रीवर चारित्र्यहीनतेचा आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा कुराण सांगते. लोकांच्या जिभेला लगाम घालण्यासाठी बनवलेली ही ढाल काही ठिकाणी पीडितेवरच उगारली गेली. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशांनंतर बलात्काराची फिर्याद सिद्ध न झाल्यास स्त्रीवरच व्यभिचाराचा खटला चालण्याची भीती निर्माण झाली. २००६ च्या स्त्री संरक्षण कायद्याने बलात्कार पुन्हा सामान्य दंडसंहितेत आणला, तेव्हा कोठे ती भीती ओसरू लागली.

छळाच्या काळातील कसोटी

एखाद्या गावातील एका गुन्ह्याबाबत करुणा दाखवणे निराळे आणि हजारो स्त्रियांवर एका समूहाला मोडण्याच्या हेतूने अत्याचार होतात तेव्हा ती टिकवणे निराळे. विसाव्या शतकात मुस्लिम समाजांना या कसोटीला अनेकदा सामोरे जावे लागले.

१९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशाच्या नव्या सरकारने अत्याचारित स्त्रियांना ‘वीरांगना’ ही उपाधी दिली. पुनर्वसन केंद्रे उघडली, गर्भपाताला तात्पुरती मुभा दिली आणि परदेशी दत्तकविधानाची सोय केली. मुस्लिमबहुल देशाच्या सरकारने पीडितांना सन्मानाचे नाव देण्याची ही घटना लक्षणीय होती. तरीही अनेक घरांची दारे त्यांच्यासाठी बंदच राहिली आणि कित्येकींनी ती उपाधी लपवून ठेवणेच पसंत केले. त्यांना मुक्तियोद्धा म्हणून शासकीय दर्जा मिळू लागला तो २०१५ मध्ये, चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

१९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात मुस्लिम स्त्रियांवर पद्धतशीर अत्याचार झाले. फोचा शहरातील प्रकरणांवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २००१ मध्ये निकाल दिला आणि बलात्कार व लैंगिक गुलामगिरी यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवून आरोपींना दोषी धरले. त्या वर्षांत बोस्नियातून येणारे प्रश्न जगभरच्या मुफ्तींपुढे मांडले गेले. कतारमध्ये राहणारे विद्वान युसूफ अल-करदावी यांनी दिलेला फतवा त्यांपैकी विशेष गाजला. या स्त्रियांवर कसलेही पाप नाही, समाजाने त्यांना मानाने सामावून घ्यावे, तरुणांनी त्यांच्याशी विवाह करण्यास पुढे यावे, गर्भपात करायचा झाल्यास तो लवकरात लवकर करण्याची सवलत आहे, आणि जी स्त्री मूल ठेवू इच्छिते तिच्या मुलाची जबाबदारी समाजाची आहे, असा त्याचा आशय होता. फतवा म्हणजे मत. न्यायालयीन आदेशासारखा तो बंधनकारक नसतो. तरीही धर्माच्या नावाने तोंड फिरवू पाहणाऱ्या नातलगांच्या हातून धर्माचाच आधार काढून घेण्याचे काम अशा मताने होते.

१९९९ मध्ये कोसोव्होतून अल्बानियन निर्वासितांचा लोंढा बाहेर पडला, तेव्हा अमिराती स्वतः या इतिहासात उतरली. उत्तर अल्बानियातील कुकेस या सीमेवरच्या शहरात अमिरातीने निर्वासितांची छावणी उभारली, इस्पितळ चालवले आणि मदतीची विमाने उतरावीत म्हणून धावपट्टी बांधली. तेथील विमानतळाला पुढे शेख झायेद यांचे नाव देण्यात आले. छावणीत आलेल्या स्त्रियांपैकी किती जणींनी सीमेपलीकडे काय सोसले, हे बहुतेकींनी त्या वेळी सांगितले नाही. कोसोव्होत युद्धकाळातील लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना कायद्याने मान्यता मिळाली २०१४ मध्ये आणि दरमहा २३० युरोंचे निवृत्तिवेतन सुरू झाले २०१८ मध्ये. तंबू, औषध आणि भाकरी तातडीने पोहोचली. बोलण्याची सुरक्षित जागा मिळायला मात्र जवळपास दोन दशके लागली.

२०१४ मध्ये प्रसंग उलटा झाला. आयसिसने इराकमधील यझिदी स्त्रियांना गुलाम बनवले आणि त्यासाठी इस्लामी ग्रंथांचाच दाखला दिला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी त्या संघटनेच्या म्होरक्याला खुले पत्र लिहून गुलामगिरी पुन्हा सुरू करणे इस्लाममध्ये निषिद्ध असल्याचे शास्त्राधारासह मांडले. पीडिता मुस्लिम असतील तेव्हा करुणा दाखवणे सोपे असते. अत्याचारी आपल्या धर्माचे नाव घेत असतो आणि पीडिता परधर्मी असते, तेव्हा ते तत्त्व किती खरे आहे हे कळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांनी अबू धाबीत स्वाक्षरी केलेल्या मानवी बंधुतेच्या दस्तऐवजात स्त्रियांना लैंगिक शोषणापासून संरक्षण देण्याचा आणि त्यांना वस्तू म्हणून वागवण्यास विरोध करण्याचा उल्लेख आला, त्याला ही पार्श्वभूमी होती.

अमिरातीचा कायदा: वीस वर्षांचा प्रवास

तत्त्व जगापुढे मांडणाऱ्या या देशाच्या स्वतःच्या कायद्यात ते कितपत उतरले? २००६ चा मानवी तस्करीविरोधी कायदा हा त्यातील पहिला मोठा टप्पा. या कायद्याने स्त्रियांची विक्री व लैंगिक शोषण यांना कठोर शिक्षा लावली. २००७ मध्ये दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन ही निवारा देणारी संस्था सुरू झाली. त्यानंतर तस्करीतून सुटलेल्या स्त्री-मुलांसाठी ‘एवा’ नावाची निवारा केंद्रे उघडली. या नावाचा अरबी अर्थच आसरा असा आहे.

मात्र व्यभिचाराचा गुन्हा कायम होता आणि जुनी शंकाही. नॉर्वेच्या एका तरुणीने दुबईत आपल्यावर बलात्कार झाल्याची फिर्याद दिली आणि जुलै २०१३ मध्ये तिलाच विवाहबाह्य संबंध, खोटी जबानी व मद्यपान या आरोपांखाली सोळा महिन्यांची शिक्षा झाली. जगभर गदारोळ उठल्यावर काही दिवसांतच तिला माफी मिळाली. तिच्या मागे एका देशाचे परराष्ट्र खाते उभे होते. ज्यांच्या मागे कोणीच नसते, अशा घरकामगार स्त्रिया या घटनेतून काय शिकल्या असतील, हे वेगळे सांगायला नको. मुवत्तातील कठोर प्रवाह बाराशे वर्षांनंतरही फिर्यादीच्या टेबलावर जिवंत असल्याचे त्या प्रकरणाने दाखवले.

त्यानंतर बदलांना वेग आला. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या फेरबदलांत ‘प्रतिष्ठे’च्या नावाखाली स्त्रीवर हल्ला करणाऱ्याला सौम्य शिक्षा देणारी तरतूद रद्द झाली. २०२१ चा ३१ क्रमांकाचा संघीय हुकूमनामा, म्हणजे नवा दंडविधान, जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार बलात्काराला जन्मठेप आहे. पीडिता अठरा वर्षांखालील किंवा अपंग असल्यास, तसेच अन्य काही गंभीर परिस्थितींत देहदंड आहे. प्रौढांमधील संमतीचे विवाहबाह्य संबंध अजूनही गुन्हा असले, तरी त्यावर कारवाई पती, पत्नी किंवा पालकाने तक्रार केली तरच होते. बलात्काराची फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीवर पोलिसांनी स्वतःहून हा आरोप ठेवण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली. ती पूर्ण बंद झालेली नाही, कारण तक्रार करणारा पती किंवा पालक वैरभावाने वागू शकतो.

मुलाच्या बाबतीतला बदलही तितकाच मोलाचा आहे. पूर्वी विवाहाचा दाखला नसेल तर जन्मनोंदणी हीच मोठी अडचण असे. नोंद नाही म्हणून पारपत्र नाही, पारपत्र नाही म्हणून मायदेशी परतणे नाही, अशा चक्रात आई-मूल अडकत. २०२२ च्या १० क्रमांकाच्या हुकूमनाम्याने आईला न्यायालयाच्या आदेशाने मुलाची नोंद करण्याची सोय दिली. याला धर्मशास्त्राचा आधार शोधायचा झाल्यास तो दूर नाही. ज्यांचे वडील माहीत नाहीत ते तुमचे धर्मबंधू आहेत, असा कुराणाच्या तेहतिसाव्या सुरेचा आशय आहे, आणि पिता अज्ञात असल्यास मुलाचे कुळ आईच्या नावे लावण्याची परंपरा शास्त्रकारांनी मान्य केली आहे.

१२० दिवसांचा अर्थ

२०२४ च्या ठरावातील १२० दिवसांची मर्यादा वैद्यकशास्त्रातून आलेली नाही. अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी कथन केलेल्या एका हदीसनुसार गर्भ चाळीस-चाळीस दिवसांच्या तीन अवस्थांतून जातो आणि नंतर त्यात प्राण फुंकला जातो. या १२० दिवसांपूर्वी सबळ कारण असल्यास गर्भपात चालतो, असे हनफी विचारधारेतील बऱ्याच शास्त्रकारांचे मत आहे. मालिकी विचारधारा याबाबत सर्वांत कडक असून तिचे बहुतेक शास्त्रकार चाळीस दिवसांच्या आतही परवानगी देत नाहीत. म्हणजे मालिकी परंपरेच्या देशाने या प्रश्नावर आपल्या जुन्या विचारधारेबाहेरचे, स्त्रीला अधिक मोकळीक देणारे मत स्वीकारले. विविध विचारधारांतून लोकहिताचे मत निवडण्याची ही पद्धत इस्लामी न्यायशास्त्रात नवी नाही. अल-अझहरचे तत्कालीन प्रमुख मुहंमद सय्यद तंतावी यांनीही बलात्कारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत गर्भपाताच्या बाजूने मत दिले होते.

ठरावाच्या अटी मात्र काळजीपूर्वक वाचायला हव्यात. बळजबरी झाल्याचे सरकारी अभियोग विभागाच्या अधिकृत अहवालातून सिद्ध व्हावे लागते. गर्भपातामुळे स्त्रीच्या जिवाला धोका होता कामा नये. अमिरातीत तिचे किमान एक वर्ष वास्तव्य असावे लागते. भारतातील कायद्याशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर भारतात बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत, म्हणजे १६८ दिवसांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. अमिरातीत राहणाऱ्या भारतीय स्त्रीला लागू होतो तो अमिरातीचा कायदा, ही गोष्ट अनेकदा उशिरा ध्यानात येते.

छळातून पळालेल्या स्त्रीला या अटी सर्वांत जड जातात. ती नुकतीच आलेली असते, तेव्हा एका वर्षाच्या वास्तव्याची अट ती पुरी करू शकत नाही. अत्याचार दुसऱ्या देशात झालेला असेल, तर येथील अभियोग विभागाचा अहवाल तिने कोठून आणावा? अमिराती १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. म्हणून निर्वासित म्हणून तिला येथे कायदेशीर दर्जाही मिळत नाही. ज्या स्त्रीच्या कथेपासून इकराहची संकल्पना सुरू झाली, ती छळ झालेली, आसरा नसलेली स्त्रीच या ठरावाच्या कक्षेबाहेर राहण्याचा संभव जास्त आहे. तहानलेल्या स्त्रीला सोडून देताना उमर यांनी तिच्या वास्तव्याचा कालावधी विचारला नव्हता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मुंबईत चाललेला खटला

तत्त्व आणि कार्यपद्धती यांच्यातील हे अंतर केवळ इस्लामी देशांचे नाही. भारतात धार्मिक हिंसाचारातील अत्याचाराचा जो खटला सर्वाधिक काळ गाजत राहिला, त्याचा निवाडा महाराष्ट्रात झाला. मार्च २००२ मध्ये गुजरातमधील दाहोद जिल्ह्यात बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या वेळी त्या गर्भवती होत्या. त्यांच्या लहान मुलीसह कुटुंबातील अनेकांची हत्या झाली. गुजरातमध्ये निःपक्ष सुनावणी होणार नाही अशा भीतीमुळे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईकडे वर्ग केला. जानेवारी २००८ मध्ये विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये ती कायम केली आणि पुराव्यांशी खेळणाऱ्या पोलीस व डॉक्टरांनाही दोषी धरले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये भरपाई, नोकरी आणि घर देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने दोषींना मुदतीपूर्वी सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला असल्याने असा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचाच होता.

या बावीस वर्षांत त्यांचे पती याकूब रसूल पत्नीच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. संसार मोडला नाही. धर्मशास्त्रात सांगितलेली करुणा एका सामान्य घरात कशी दिसते, याचे हे उदाहरण आहे. तरीही घरातील माया पुरली नाही. पुरावे नष्ट करणारे हात थोपवायला, खटला हलवायला आणि सुटका रद्द करायला न्यायालये लागली. मालिक यांनी सांगितलेली भरपाई आणि इब्न अल-अरबींनी सांगितलेली दहशतीच्या गुन्ह्याची दृष्टी, या दोन्ही गोष्टी येथे वेगळ्या कायद्याच्या भाषेत, फार उशिरा, पण अखेर मिळाल्या.

भाषेचा प्रश्न

या विषयाचा एक पदर आपल्या भाषेतही आहे. मराठीत अजूनही ‘अब्रू लुटली’ असे सहज लिहिले जाते. ‘विनयभंग’ ही संज्ञा तर कायद्यातच आहे. या शब्दांत गमावले ते स्त्रीने, असा अर्थ दडलेला आहे. अब्रू हा शब्द फारसीतून मराठीत आला, मुसलमान घरांत त्याच्या जोडीला इज्जत हा शब्दही चालतो आणि दोन्हीकडे घराची प्रतिष्ठा स्त्रीच्या देहात ठेवलेली दिसते. इस्लामी न्यायशास्त्राचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. ज्या स्त्रीवर बळजबरी झाली तिची शुचिता तसूभरही कमी होत नाही. जे जाते ते अपराध्याचे. हे शास्त्र मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या अशा दोन्ही घरांत भाषा मात्र शास्त्राच्या मागेच राहिली.

अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. घरकामाला असलेली, इस्पितळात वा हॉटेलात नोकरी करणारी किंवा नुकतीच नोकरीच्या शोधात आलेली एखादी स्त्री विश्वासाने काही सांगू लागली, तर दिवस मोजणे आवश्यक असते. १२० दिवसांच्या मर्यादेत फिर्याद, तपासणी आणि अहवाल हे सारे बसवावे लागते. लवकर केलेल्या वैद्यकीय तपासणीची नोंद पुढे तिचा सर्वांत मोठा आधार ठरते. पोलिसांकडे जाताना दुभाषा आणि वकील सोबत असणे हिताचे असते. दुबई फाउंडेशन, एवा केंद्रे, भारतीय दूतावास व वाणिज्य दूतावास यांच्याकडे मदत मागता येते. तिचे नाव आणि हकिकत मंडळाच्या गटांत किंवा कार्यालयात पसरवणे हे तर तिच्यावर दुसऱ्यांदा केलेले आक्रमण होय. ऐंशी फटक्यांचा नियम आज कोणी लावणार नाही, पण त्यामागची जाण लागू करायला कोणत्याही न्यायालयाची गरज नसते.

पहाटे प्रार्थनेला निघालेल्या त्या स्त्रीला चौदा शतकांपूर्वी घरी जाऊ देण्यात आले, तेव्हा तिच्या मागे ना दूतावास होता, ना अहवाल. तिचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले आणि तिचा दोष नाही, असे सर्वांसमोर सांगितले. कायद्याची कलमे वाढत जातील, मुदती बदलतील, अटी सैल होतील किंवा कडक होतील. तिला ऐकणारे पहिले माणूस बहुधा शेजारीण, मैत्रीण, सहकारी किंवा घरमालकीणच असेल, आणि पुढचे सारे दरवाजे उघडतील की नाही हे त्या पहिल्या भेटीतच बरेचसे ठरून जाईल.